कागदी रोल बंद करून स्वयंपाकघरात कापडी फडकी : पावसाळ्यात कसं निभवायचं?

खाडीकाठ (कोपरखैरणे)

किचन टिश्यूचे महिन्याला चार-पाच रोल लागतात. ते थांबवून कापडावर यायचं आहे. घरात चार माणसं, दोन्ही वेळचा स्वयंपाक, आठवड्यातून दोनदा मासे, एकदा चिकन. मशीन टॉप लोड, पाणी गरम करायची सोय नसलेलं. गॅलरी ग्रिल आणि काचा लावून बंद केलेली, ऊन सकाळी नऊ-साडेनऊपर्यंतच.

रोल नेमका कशाला जातो ते आठवडाभर लिहून काढलं: ओटा-शेगडी पुसायला, हात पुसायला, तळण निथळायला, कोथिंबीर-पालेभाजी गुंडाळायला, पोळ्यांच्या डब्यात, मासे-चिकन कोरडं करायला, कढई-तव्यावरचं तेल टिपायला.

विचारायचं ते असं:

१. कापड कोणतं घ्यावं? टर्किशचे डझनभर नॅपकिन आणले आहेत, पण ते पाणी शोषतच नाहीत, नुसतं पसरवतात. असं का?
२. चार माणसांना किती फडकी पुरतील?
३. जून ते सप्टेंबर वाळवायची कशी? कुबट वास आला की काय करायचं?
४. मासे-चिकनला कापड चालेल का?

सुईदोरा (नौपाडा, ठाणे)

नॅपकिनपासून सुरुवात करते. नव्या कापडाला खळ असते. मागावर उभा धागा तुटू नये म्हणून ती लावतात. शिवाय दुकानात कापड मऊ आणि भरलेलं वाटावं म्हणून वरून सॉफ्टनरचा हात दिलेला असतो. या दोन्हींमुळे पाणी धाग्यात शिरत नाही. नॅपकिन रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी कडक गरम पाण्यात, पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा आणि भरपूर पाण्यात खळबळा. खायचा सोडा नको, तो या कामाला फार सौम्य पडतो. असं दोन-तीनदा केल्यावर कापड वाळवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. दोन-तीन सेकंदांत जिरला तर कापड तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर आणखी एक धुणं द्या.

चार धुण्यांनंतरही थेंब वर राहत असेल तर कापडात बहुधा पॉलिस्टर आहे. काठाचा एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर आखडून वितळतं आणि टोकाला कडक गोळी राहते. जुन्या चादरी फडक्यांसाठी फाडण्याआधीही ही परीक्षा करा. हल्लीच्या बऱ्याच चादरी मिश्र धाग्याच्या असतात, त्या ओटा नीट पुसतच नाहीत.

आता मुख्य मुद्दा. आपल्या हवेत टर्किश ओट्यासाठी घेऊच नये. जाड कापड जेवढं पाणी पितं तेवढं नंतर वाळवावंही लागतं. टर्किश साधारण ४०० जीएसएम असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ४०० ग्रॅम. मांजरपाट, म्हणजे साध्या विणीचं सुती कापड, १२०-१५०च्या आसपास, मलमल त्याहूनही हलकी. जुलैत ४०० जीएसएमचं फडकं खुंटीवर दोन दिवस ओलसर राहील. मांजरपाट पंख्याखाली रात्रीत वाळेल. टर्किश हात पुसायला ठेवा, बाकी सगळीकडे पातळ आणि संख्येने जास्त. घरात जुनं सुती धोतर, पंचा किंवा सुती साडी असेल तर विकत घेऊच नका. वर्षानुवर्षं धुतलेल्या सुतासारखं शोषणारं दुसरं काही नाही, आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर लांबीत फडकीही भरपूर निघतात.

विकत घ्यायचं असेल तर कोरं मांजरपाट मागा, ब्लीच केलेलं नको. ठाण्यात जांभळी नाका-स्टेशन रोड भागातल्या कापडाच्या दुकानांत विचारा, वाशी-कोपरखैरण्यात मॅचिंग सेंटरवाल्यांकडे. तिथे मलमलही मिळते, पण अस्तराचं कापड गळ्यात मारू देऊ नका, ते बहुतेक मिश्र असतं. भिवंडी जवळ आहे म्हणून तिकडून स्वस्तात आणायचं ठरवलंत तरी धागा जाळून बघाच. तिथल्या मागांवरचं सगळं कापड सुती नसतं.

मोजमाप असं धरा. ४४ इंची पन्ह्याचं दोन मीटर मांजरपाट कापायच्या आधी धुवून घ्या. ते पाच टक्क्यांच्या आसपास आटतं, म्हणजे साधारण ४१-४२ इंच बाय ७४-७५ इंच उरतं. त्यात १२ इंची चौकोन अठरा बसतात. चारही बाजूंनी पाव-पाव इंचाची दुहेरी दुमड घालून टीप मारली की ११ इंचाचं फडकं तयार होतं. बाजूला पाच-सहा इंचाची पट्टी उरते, त्यातून अडकवायच्या आळ्या (लूप) करा. आळी हवीच, कारण आळी नसलेलं फडकं नळावर चुरगळून पडतं आणि तिथेच कुबट होतं.

शिलाई मशीन नसेल तर फॉल-पिकोच्या दुकानात कडेने पिको करून मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा: पिकोचा दोरा पॉलिस्टरचा असतो. ओट्याच्या फडक्याला तो चालतो. गरम भांडी उतरवायच्या मसोत्याला सुती दोऱ्याचीच टीप हवी, कारण पॉलिस्टर अडीचशे-दोनशे साठ अंशांना वितळतं आणि तापलेल्या तव्याच्या कडेला तेवढी उष्णता सहज असते.

तिरफळ (सानपाडा)

सुईदोरा यांनी कापडाचं सगळं सांगितलंच आहे, मी कामांचं लिहिते. रोल सात कामं करतो म्हणून एकच फडकं सातही कामं करेल असं धरलं तर पंधरवड्यात रोल परत आणावा लागतो. या यादीतल्या निम्म्या कामांना कापडही लागत नाही.

तळण घ्या. तळणीला कापड लावूच नका. तेल पोटात घेतलेलं फडकं धुवायला सगळ्यात अवघड. खोल ताटावर स्टीलची जाळी किंवा मोठ्या भोकांची चाळणी ठेवा आणि वडे-भजी त्यावर एकाच थरात काढा. पदार्थ कढईत असताना आतली वाफ जोराने बाहेर येत असते, त्यामुळे तेल आत शिरत नाही. बाहेर काढल्यावर वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून पहिलं अर्धं मिनिट महत्त्वाचं: झाऱ्यात घेऊन कढईच्या कडेवर दहा-पंधरा सेकंद निथळवा, दोनदा झटका, मग जाळीवर. कागदावर ढीग घातला की खालचे वडे स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात, जाळीवर तेही टळतं. आणि तळण तेलकट होण्याचं खरं कारण बहुतेक वेळा थंड तेल असतं. १७५-१८० अंशांवर तळा, एका वेळी कढई भरून टाकू नका.

रोल बंद केला म्हणून कोणी वर्तमानपत्राकडे वळू नये. छपाईच्या शाईतली द्रव्यं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या पॅकेजिंग नियमांत अन्न गुंडाळायला-ठेवायला वर्तमानपत्र वापरायला मनाई आहे. मात्र कढई घासण्याआधी तिच्यातलं तेल पुसायला रद्दी खुशाल वापरा, नंतर ती धुतलीच जाते. त्याने सिंकच्या पाइपात चिकटा बसत नाही हा वेगळा फायदा.

तव्याला तेल लावायला अर्धा कांदा काट्याला टोचून घ्या, घावनाला नारळाची शेंडी. बिडाचा तवा घासून वाळवल्यावर तेलाचा हात द्यायला मात्र मलमलचा तुकडा लागतो, कारण टर्किशचे तंतू बिडाला चिकटून करपतात. तोच तुकडा झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत ठेवा आणि खवट वास आला की टाका, धुवायच्या भानगडीत पडू नका.

कोथिंबीर: मुळं कापा, पिवळी पानं काढा, धुऊ नका. कोरड्या मलमलमध्ये सैल गुंडाळून डब्यात ठेवा. पान स्वतःच पाणी सोडतं, कापडाने ते टिपायचं असतं. दोन-तीन दिवसांनी कापड हाताला दमट लागलं की बदला. ओलं कापड गुंडाळायची पद्धत अळू-पालकाला एक दिवस चालते, कोथिंबीर त्यात काळी पडते.

पोळ्यांच्या डब्यात मलमलचे दोन तुकडे, एक तळाला, एक वरून. पोळी तव्यावरून थेट डब्यात टाकू नका. जाळीवर अर्धं मिनिट वाफ जाऊ द्या, मग कापड भिजत नाही. हे कापड रोज बदलायचं. पीठ आणि वाफ मिळून दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, आणि लोकांना वाटतं डबाच खराब आहे.

मासे. सुरमई-पापलेटच्या तुकड्या टिपायला कापड उत्तम. बोंबलाला तर कापडच हवं. बोंबील मधोमध चिरून उघडा, काटा काढा. लाकडी पाटावर दुमडलेलं फडकं, त्यावर बोंबील एका थरात, वरून दुसरं फडकं आणि त्यावर पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं. पाट सिंककडे थोडा उतरता ठेवा, नाहीतर निघालेलं पाणी कापडातच साचतं. पाऊण तास पुरतो. मध्ये एकदा वरचं फडकं पिळून घ्या.

या फडक्यांचा वेगळा संच करा, निदान चार. त्यांच्या कडेला लाल दोऱ्याची टीप मारा, म्हणजे दुसऱ्या कशाला जाणार नाहीत. काम झाल्याबरोबर आधी गार पाण्यात चोळून काढा. इथे बहुतेकांची चूक होते: थेट गरम पाण्यात टाकतात. माशातली प्रथिनं उष्णतेने गोठून धाग्यात पक्की बसतात आणि मग ते फडकं कितीही धुतलं तरी ओलं झालं की वास मारतं. गार पाण्यात चोळा, साबण लावा आणि मगच उकळा.

चिकनला कागदच ठेवा, हे मी ठामपणे सांगेन. कच्च्या कोंबडीच्या पाण्यात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू असू शकतात आणि ओलं फडकं त्यांना ओटाभर फिरवतं. चिकन नळाखाली धुणंही टाळावं, कारण शिंतोडे फूट-दोन फूट लांबच्या भांड्यांवर जातात. कागदाने टिपायचं, कागद थेट कचऱ्यात, हात साबणाने. एवढ्या एका कामाला एक रोल कितीतरी महिने पुरतो.

येऊरचा वारा (घोडबंदर रोड, ठाणे)

धुणं आणि वाळवणं.

आधी पाणी कुठलं आहे ते बघा. कोपरखैरण्याला मोरबे धरणाचं पाणी येतं. साठवलेल्या पावसाचं पाणी, मृदू असतं, साबण लगेच फेसाळतो. आमच्या घोडबंदर पट्ट्यात बऱ्याच सोसायट्यांना टँकर किंवा बोअरची भर घालावी लागते आणि ते पाणी जड असू शकतं. जड पाण्यात वडीच्या साबणाचा पांढरट साका होतो, तो धाग्यांत बसतो आणि फडकं पापडासारखं कडक होऊन शोषायचं थांबतं. तसं पाणी असेल तर वडी नको. पावडर वापरा आणि पावडरीच्या आधी बादलीत एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, तो जडपणा आधीच बाजूला काढतो.

टॉप लोडला हीटर नसला तरी अडत नाही. रोजची फडकी मशीनमध्ये टाकण्याआधी बादलीत गिझरच्या सर्वांत गरम पाण्यात सोडा आणि पावडर घालून अर्धा तास बुडवा. गिझरचा काटा साठ अंशांवर असेल तर पुरेसं आहे. मग ती बादली तशीच मशीनमध्ये ओता आणि नेहमीचं चक्र लावा. लहान मुलांचे कपडे किंवा अंतर्वस्त्रं यांच्याबरोबर ही फडकी घालू नका.

आठवड्यातून एकदा उकळा. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात, पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, फडकी पूर्ण बुडलेली, उकळी आल्यापासून दहा ते पंधरा मिनिटं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका. सोडा ॲल्युमिनियम खातो, भांडं काळं पडतं आणि तो काळा कापडालाही लागतो. फडकी काठाबाहेर लोंबू देऊ नका, ज्योत धरते.

हळदीचा डाग साबण लागल्यावर लालभडक होतो, ते पाहून लोक ब्लीचकडे धावतात. क्षारात हळदीचा रंग बदलतो एवढंच ते आहे. धुऊन उन्हात टाका, हळद ऊन सहन करत नाही. तुमच्या सकाळच्या दोन तासांच्या उन्हातही तीन-चार दिवसांत डाग फिका होतो. पावसाळ्यात डागाकडे दुर्लक्ष करा, डाग म्हणजे घाण नव्हे.

कुबट वासाचं मूळ ओल्या वेळात आहे. जुलैत हवेत दमटपणा ८० ते ९० टक्के. कापडाभोवतीची हवा ओलाव्याने भरून जाते आणि ती हलली नाही तर कापड पुढे वाळतच नाही. तेवढ्या वेळात धाग्यात उरलेल्या अन्नावर, तेलावर जीवाणू वाढतात. वास त्यांचाच. म्हणून उपाय दोनच, अन्न-तेल उरू न देणं आणि ओला वेळ कमी करणं.

ओला वेळ कमी करायला सगळ्यात स्वस्त युक्ती: मशीनचं चक्र संपल्यावर फक्त स्पिन पुन्हा एकदा लावा. त्यात निघतं तेवढं पाणी हवेत उडवायला तास-दोन तास लागतात. मग एकेका क्लिपला एकच फडकं, एका कोपऱ्याने, मध्ये चार बोटं अंतर. दांडीवर दुमडून टाकलं की दोन थरांमधला भाग ओलाच राहतो. वर छताचा पंखा किंवा बाजूने टेबल फॅन. गॅलरीच्या काचा पूर्ण बंद ठेवून पंखा लावलात तर तीच दमट हवा फिरत राहील, एक काच चार इंच उघडी हवी. शेवटी हाताला जरा दमट वाटणारी फडकी सुती कापडाच्या आचेवर इस्त्री करून घ्या. तीस सेकंदांत कोरडी होतात आणि जंतूही मरतात. शेगडीवर दोरी बांधून वाळवू नका. पावसाळ्यात ही आग लागायची सोपी वाट आहे.

वापरलेली फडकी झाकणाच्या बादलीत किंवा बंद मशीनमध्ये साठवू नका. भोकांची टोपली ठेवा आणि ओली असतील तर तिच्या कडेवर पसरा. बंद जागेत ओली राहिली तर काळे ठिपके पडू लागतात, ती बुरशी. ठिपके नवे असतील तर ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, पाच लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा, दोन तास. हे मिश्रण झाकणाच्या बाटलीत भरून ठेवू नका, वायू सुटून बाटली फुटू शकते. जुने ठिपके जात नाहीत. ती फडकी फरशीला द्या.

कपडे मऊ करणारं कंडिशनर या फडक्यांना कधीच नाही. ते धाग्यावर थर चढवतं आणि तुमच्या नॅपकिनची तक्रार परत सुरू होते.

खाडीकाठ (कोपरखैरणे)

सगळ्यांचे आभार, नॅपकिन आज रात्री भिजवते. तीन शंका राहिल्या. एक, सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकून धुवायला बरेच जण सांगतात, ते करावं का? दोन, साधं क्लोरीनचं ब्लीच चालेल का, किती? तीन, भांड्यांना येणाऱ्या ताई हाताला येईल त्या फडक्याने ओटा पुसतात आणि त्यानेच ताटं. पांढरी-लाल असे रंग सांगून लक्षात राहत नाहीत.

येऊरचा वारा (घोडबंदर रोड, ठाणे)

सोडा क्षार, व्हिनेगर आम्ल. एकत्र टाकले की एकमेकांना मारतात. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइडचा, उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. दोन्ही वाया. जड पाण्यामुळे कडक झालेल्या फडक्यांना व्हिनेगर उपयोगी आहे, पण साबण पूर्ण निघून गेल्यावर शेवटच्या पाण्यात, अर्ध्या बादलीला दोन मोठे चमचे. तुमच्याकडच्या पाण्याला त्याची गरज पडू नये.

क्लोरीनचं ब्लीच फक्त पांढऱ्या सुती फडक्यांना, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. घरगुती ब्लीच साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं, बाटलीवर बघून घ्या. दहा लिटर गार पाण्यात १०० मिली, दहा-पंधरा मिनिटं, मग दोनदा स्वच्छ पाण्यात. कापड आधी धुतलेलं हवं. खरकट्या फडक्यावर ब्लीच घातलं तर ते अन्नाशी लढण्यातच संपतं. जास्त वेळ ठेवलं तर सूत कुजतं आणि दोन महिन्यांत फडकं बोटाने फाटतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये ते जीवावर बेतू शकतं.

तीन खुंट्या (पाचपाखाडी, ठाणे)

ताईंच्या मुद्द्यावर. रंगाने वेगळं ठेवणं आपल्याला सोपं वाटतं, पण घाईत, ओल्या हाताने काम करणाऱ्याला जागा आणि आकार जास्त लवकर कळतात. ताटं पुसायला लांबट पंचा, साधारण १६ बाय २४ इंच, खुंटी भांड्यांच्या मांडणीजवळ. ओट्याला ११ इंचाचं चौकोनी फडकं, खुंटी शेगडीच्या बाजूच्या भिंतीला, पण ज्योतीपासून निदान दोन फूट लांब. फरशीला जुनं टर्किश, त्याची खुंटी स्वयंपाकघरात नकोच, सुक्या गॅलरीत. ज्या खुंटीवरून उचललं तिथेच परत, एवढंच सांगायचं. ताई येण्याआधी कोरडी धुतलेली फडकी खुंटीवर असतील तरच हे टिकतं. खुंटी रिकामी दिसली की कोणीही समोरचं उचलणारच.

संख्येचा हिशेब कोणी केला नाही म्हणून करतो. ओट्याला रोज दोन, ताटांना एक, हाताला एक, डब्याच्या मलमलचे दोन तुकडे: दिवसाला सहा. पावसात एक दिवसाआड धुणं आणि वाळायला पुढचे दोन दिवस धरले तर चार दिवसांचा साठा हवा, म्हणजे चोवीस. वर माशांची चार. सुईदोरा यांच्या दोन मीटर मांजरपाटातून अठरा निघतात, त्यातली आठ ओट्याला, चार माशांना. उरलेली सहा राखीव, कारण पावसात एखादं धुणं चुकतंच. मलमल एक मीटर घेतली तर डब्याचे आठ तुकडे निघून कोथिंबिरीलाही उरते. पंचे चार. हाताला तुमचे टर्किश आहेतच. पावसाळा संपल्यावर निम्मी कपाटात गेली तरी चालतं.

सिंकवर पसरलेलं ओलं फडकं पिळून तिथेच ठेवायची सवय मात्र आधी मोडा. ओट्याचं फडकं दुपारी एकदा आणि रात्री एकदा बदलायचं, दिसायला स्वच्छ असलं तरी.

सातपाटी (ऐरोली)

मायक्रोफायबर कोणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं. काचेची शेगडी आणि चिमणीचा पत्रा त्याने एका हातात चकचकीत होतो आणि ते सुतापेक्षा लवकर वाळतं. बांबूचे धुता येणारे रोलही मिळतात, त्यांचं काय?

सुईदोरा (नौपाडा, ठाणे)

शेगडीच्या काचेला मायक्रोफायबर चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते पॉलिस्टर आणि नायलॉनचं. उकळता येत नाही, कडक इस्त्री करता येत नाही, आणि दर धुण्याला प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्यात सोडतं. गरम भांडं त्याने धरलं तर वितळून हाताला चिकटेल. एकच ठेवा, ते काचेपुरतं, आणि मसोत्याच्या खुंटीवर कधीही लावू नका.

बांबूचा रोल म्हणजे बहुतेक वेळा व्हिस्कोस. व्हिस्कोस ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. सुती धागा उलट, ओला झाल्यावर जास्त मजबूत. म्हणून पिळून-पिळून बांबूची पानं कडेने फाटतात आणि मांजरपाट वर्षानुवर्षं टिकतं. रोलसारखं फाडून घ्यायची सवय सुटत नसेल तर काही महिने ठीक.

मसोत्याचं एक राहिलं. तो चार पदरी शिवा, आत जुन्या टर्किशचा थर घाला, आणि तो नेहमी कोरडाच वापरा. ओल्या मसोत्याने कुकर किंवा कढई धरली की पाण्यातून उष्णता झटकन हातापर्यंत येते आणि वाफेने बोटं भाजतात. कोरड्या कापडात अडकलेली हवाच हात वाचवत असते.

सातपाटी (ऐरोली)

पटलं. चिमणीच्या जाळीच्या तेलाला काय वापरावं? ते फडकं धुतलं तरी चिकटच राहतं.

तिरफळ (सानपाडा)

ते धुवायचंच नाही. ठिपके पडलेली, विरलेली फडकी हातभर चिंध्या करून एका पिशवीत ठेवा, चिमणी त्यांनी पुसा आणि टाकून द्या. आधी रद्दीने जाड थर ओढून घ्या, मग चिंधी. टाकताना मात्र पाण्यात भिजवून, पसरून टाका. तेलात भिजलेल्या कापडांचा दाबून केलेला ढीग आतल्या आत तापतो, जवसाच्या तेलात तर नक्कीच, आणि सूर्यफूल-सोयाबीनच्या तेलानेही धोका असतो. ज्यांच्याकडे कपडे वाळवायचं ड्रायर मशीन आहे त्यांनी तेलकट फडकी त्यात घालू नयेत, आणि बाहेर काढलेली गरम फडकी ढिगाने ठेवू नयेत.

साध्या ओट्याच्या फडक्याला तेल लागलं असेल तर बादलीत टाकण्याआधी त्यावर भांड्यांचा लिक्विड साबण चार थेंब चोळून दहा मिनिटं ठेवा. कपड्यांची पावडर तेवढं तेल सोडवत नाही.

खाडीकाठ (कोपरखैरणे)

यादी केली: कोरं मांजरपाट दोन मीटर, मलमल एक मीटर, पंचे चार, धुण्याचा सोडा एक किलो, सहा खुंट्या, भोकांची टोपली. कापड शनिवारी आणणार. मलमलच्या कडेला पिको करू की दुमड?

सुईदोरा (नौपाडा, ठाणे)

मलमलला पिको नको, दोरा कापडाला ओढतो आणि कडेला चुण्या पडतात. बारीक दुमड घालून हाताने धावता टाका घ्या. तेही जमत नसेल तर कडेचे चार-पाच धागे ओढून दशा सोडा आणि तसंच वापरा. कोथिंबिरीच्या तुकड्यांना तेवढंही चालतं, पोळ्यांच्या डब्याच्या तुकड्यांना मात्र दुमडच घाला, सुटलेला धागा पोळीला चिकटतो. आणि मलमल घेताना हाताला चरचरीत लागली तर तिच्यातही खळ आहे. तीही मांजरपाटासारखीच रात्रभर भिजवा, धुवा, मग कापा. दुकानात मीटरभर मागताना चार इंच जास्त घ्या, आटण्यात तेवढे जातात.